कुळगीच्या रानातला डूख

करवतीखाली भुसा साचतो ना, तसे टोळीत किस्से साचतात. बारशाला जा, लग्नाला जा, बायका मला गराडा घालून बसतात आन् "आज्जी, डुखाचं सांग" म्हणतात. तर ऐका. मधी कुणी बोलायचं न्हाई.

आधी डूख म्हंजे काय ते नीट समजून घ्या. हल्ली कुणी जरा तोंड फिरवलं की म्हणतात डूख धरला. डूख न्हवं त्यो, रुसवा! राग आलेला माणूस शिव्या देतो, भांडं आपटतो आन् मोकळा होतो. डूख धरलेला तुमच्याशी हसून बोलतो आन् वेळ बघत ऱ्हातो.

कुळगीच्या रानात आमची सागवान कापायची टोळी व्हती. मी टोळीचा भात रांधायची. खड्ड्यावर ओंडका आडवा टाकायचा. एक गडी ओंडक्यावर उभा, एक खाली खड्ड्यात, दोघांत एक करवत. ओंडक्याच्या पाचरी वरच्या गड्यानं बघायच्या. एक पाचर ढिली ऱ्हायली की खालचा गडी चेंदलाच. म्हणून आमचा मुकादम परसूमामा सकाळ-दुपार काम लावायच्या आधी मोठ्यांदा विचारायचा, "कुणाचा कुणावर डूख?" ज्याचा असंल त्यानं सांगायचं, जोडी मोडायची. कामावर कारण कुणी विचारायचं न्हाई.

*

एकदा आमच्या टोळीतल्या लाडूनं जोडीच्या सख्ख्या भावावर डूख सांगितला. सगळे गार पडले. मामानं त्याला फांद्या तोडायला धाडलं. सांजच्याला बघते तर दोघं भाऊ एका पानावर जेवतायत! चुलीपाशी मी हळूच विचारलं, तर लाडू म्हणतो कसा, सुक्या बांगड्याचं डोकं रोज ह्योच खातो. त्या दिवसापासनं मी डोकी दोघांत मोडूनच वाढायला लागले.

*

मग एक नवा फॉरेस्टर आला. मामाचा सवाल ऐकून खो खो हसला आन् म्हणाला, "माझा तर सगळ्यांवर हाय!" थट्टाच केली त्यानं. पर मामाला थट्टा कळायची न्हाई. त्यानं हात जोडले आन् सांगितलं, "मग सायबांनी आज ओंडक्याजवळ येऊ नये." गडी करवती खाली ठेवून बसले. साहेब तांबडालाल झाला, ड्यूटी हाय म्हणाला, सगळ्यांना कामावरनं काढीन म्हणाला. कुणी हललं न्हाई. शेवटी गेला बिचारा नदीकाठानं वळसा घालून, बूट भिजवत.

*

हसलात? आता पुढचं हसायचं न्हाई. ओंडके ओढायला रेडे असायचे. आमच्यातल्या बुधोनं एका रेड्याला चिडून नाकावर मारलं. रेडा तवा गप् ऱ्हायला. बुधो विसरूनबी गेला. पुढं कवातरी काळी नदीवर पाणी पाजायला नेला, तर रेड्यानं त्याला खडकाशी दाबून धरला. बरगड्या मोडल्या, जीव तेवढा वाचला. दुसऱ्या दिवशी मामा रेड्याफुडं उभा ऱ्हायला आन् त्यालाबी त्योच सवाल घातला. त्या दिवशी कुणाच्याच तोंडावर हसू न्हवतं.

*

आता आमच्या घरचं सांगते. आमच्या धन्यांचा जोडीदार सोमा, आमच्याच गावचा. सोमा वर, धनी खाली. त्या साली सोमानं रानात चोरून कुमरी केली व्हती, म्हंजे झाडी जाळून राखेत नाचणी पेरली व्हती. कुमरीला सरकारची बंदी. कुणीतरी चुगली केली, गार्ड आले आन् उभं पीक पेटवून गेले. सोमाची पोरं कंद उकडून खायला लागली. गाव म्हणत व्हता, चुगली माझ्या धन्यांनी केली. मी विचारलं तर धनी उसळले, खुळी हाईस काय म्हणाले.

दुसऱ्या सकाळी मामानं सवाल केला. सोमा म्हणाला, न्हाई. शिवी न्हाई, काय न्हाई, नेहमीसारखा हसला. डूख धरलेला असाच हसतो. धनी खड्ड्यात उतरायला लागले तशी मी चुलीपासनं ओरडले, "मामा, माझा डूख हाय. सोमावर!"

वाटलं, मामा आता सोमाला करवतीवरनं काढील. मामानं इचार केला आन् म्हणाला, तू काय करवतीवर न्हाईस, तू रांधतेस, तवा सोमानं तुझ्या हातचं खायचं न्हाई. झालं! करवत सुरू झाली. सकाळभर माझा जीव थाऱ्यावर न्हवता. जरा आवाज थांबला की हातातली पळी सुटायची.

दुपारी पंगत बसली. सोमाबी पान घेऊन रांगेत येऊन बसला. मामा त्याला नको नको म्हणत व्हता.

"वाढ, वैनी," सोमा म्हणाला.

मी वाढलं. त्यानं शीतभरबी टाकलं न्हाई. हात धुतला आन् मामाला म्हणाला, "आता मी खाली उतरतो. त्याला वर उभा कर."

मला लाज वाटली, रडूबी आलं. सोमा खड्ड्यात उतरला. धनी ओंडक्यावर चढले. मामानं विचारलं, "कुणाचा कुणावर डूख?"

खालनं सोमा म्हणाला, "न्हाई."

धनी पाचरीकडं बघत उभे ऱ्हायले. मग त्यांनी करवतीची मूठ सोडली.

"माझा हाय," ते म्हणाले. "सोमावर. कुमरी जळायच्या आधीपासनं."