डिसेंबरातला आंबा

निफाडची मंदाताई बोरस्ते नाशिकच्या एका फळांच्या कंपनीत सात वर्षं ड्रायरवर होती. आंब्याच्या फोडी आधी दगडासारख्या गोठवायच्या, मग बंद मशीनमधली हवा खेचून घ्यायची आणि हळूहळू ऊब द्यायची. बर्फाचं पाणी होतच नाही, तो थेट वाफ होऊन उडून जातो! फोडीचा रंग, आकार, वास सगळं तसंच, फक्त वजन गेलेलं. पाकिटात फोड वर्षानुवर्षं टिकते आणि पाणी लागलं की परत रसरशीत होते.

२००६च्या डिसेंबरात तिचा नवरा सुदाम गेला. शेवटपर्यंत एकच म्हणत होता, "मंदे, आंबा दे ना गं." कंपनीतल्या कोरड्या फोडी त्याला नको होत्या, आणि डिसेंबरात चोखायचा आंबा कुठून आणणार?

दहाव्याला रामकुंडावर तिनं पिंडाशेजारी कंपनीतल्या फोडी ठेवल्या. कावळे वर गप्प बसून राहिले. एकही खाली येईना.

"वहिनी, हा थर्माकोल कोण खाणार?" दीर चिडला. "दादा अडकलाय तिकडं!"

मंदाताईला रडूच फुटलं. मग एकदम आठवलं. तिनं कुंडातलं ओंजळभर पाणी फोडींवर शिंपडलं. फोडी रसरशीत, पिवळ्याधमक झाल्या आणि कावळा झेपावलाच.

सगळ्यांनी हात जोडले. मंदाताई मात्र गारठली. सकाळीच तिनं सुदामच्या अस्थी याच पाण्यात सोडल्या होत्या. त्याही अशाच कोरड्या, हलक्या होत्या.

"चला वहिनी. मागं वळून बघायचं नाही हं."

ती निघाली. पाठीमागं, अगदी पाण्याजवळ, कुणीतरी आंबा चोखत होतं. सुदाम चोखायचा तसंच, मिटक्या मारत.