जिथं सोडलं तिथं दोरा

मला राग पटकन येतो आणि गेला असं वाटलं तरी तो गेलेला नसतो, असं घरचे म्हणतात. खरंच आहे. पण हा एक राग मात्र मी स्वतः राखून ठेवलाय. तो जावा अशी माझीच इच्छा नाही.

शेवगाव तालुक्यातल्या एका हायस्कुलात मी मराठी शिकवते. शनिवारी सकाळची शाळा, आणि तिचा शेवटचा तास आमचा वाचनाचा. नववीची पोरं सतरंजीवर गोल करून बसतात आणि वाचलेल्या कादंबरीबद्दल एकेक जण उभं राहून बोलतं. नियम मीच घातलेले. लिहून आणलेलं वाचायचं नाही. ‘या कादंबरीतून आपल्याला असा बोध मिळतो’ हे वाक्य तोंडातून निघालं की खाली बसायचं. टाळ्या वाजवायच्या नाहीत, कारण टाळ्या सुरू झाल्या की पोरं टाळ्यांसाठी बोलायला लागतात. आणि मुख्य नियम म्हणजे पुस्तक आवडलं नाही तर खुशाल सोडून द्या, पण जिथं सोडलं तिथं दोरा ठेवा आणि का सोडलं ते उभं राहून सांगा.

दोरे पोरं घरूनच आणतात. कुणी गोधडीचा, कुणी पतंगाचा, कुणी आईच्या ब्लाऊजचा. आमच्या कपाटातल्या काही नावाजलेल्या पुस्तकांना पहिल्या पन्नास पानांतच दोऱ्यांच्या मिशा फुटल्यात. मला त्याचं काही वाटत नाही. सोडलेलं पुस्तकसुद्धा तिथपर्यंत वाचलेलंच असतं. न वाचता ‘छान आहे’ म्हणणाऱ्यांचीच मला चीड येते.

या तासाला एक मुलगी होती. तिचे वडील टेम्पोवर, कांदा नगरला नेऊन टाकायचे. वर्गात तिला प्रश्न विचारला की ती पायाच्या अंगठ्याकडे बघत उभी राहायची. मुकी आहे की काय, असं नवीन आलेल्या सरांनी मला एकदा विचारलं होतं. पण शनिवारी सतरंजीवर तीच पोर अशी बोलायची की बाकीची पोरं पुढं सरकून ऐकायची. एकदा एका कादंबरीतल्या बापाबद्दल ती म्हणाली, “ह्यो बाप पोरीवर लई माया करतो असं लिहिलंय, पण तिला एकदाबी ‘जेवलीस का’ म्हणून इचारत न्हाई. मग कशाची माया?” तिचा दोरा ठरलेला. ताडपत्री बांधायच्या दोरीतून उसवलेला, निळा, जाड. आठवडाभरात तेवढा एकच तास ती तोंड उघडायची. तो गेला तर ती परत अंगठ्याकडे बघत बसणार, हे मला पक्कं ठाऊक होतं.

आणि मग आमच्या संस्थेच्या अध्यक्षांनी कादंबरी लिहिली.

आता, माणसानं कादंबरी लिहू नये असं माझं म्हणणं नाही. लिहावी. पण साहेबांनी लिहिली म्हटल्यावर ती संस्थेच्या सगळ्या शाळांत गठ्ठ्यानं आली. एक गरीब मुलगा शिकतो, कष्ट करतो, संस्था काढतो, निवडून येतो. नाव तेवढं बदललेलं. मागोमाग फर्मान आलं की साहेबांच्या उपस्थितीत आमच्या शाळेत प्रकाशनोत्तर सोहळा होईल आणि विद्यार्थी कादंबरीवर आपले अभिप्राय मांडतील.

आमच्या मुख्याध्यापकांना सगळे मोठे सर म्हणतात. ते मला म्हणाले, “बाई, तुमची पोरं बोलतात चांगली. पाच जणांना अभिप्राय लिहून द्या.”

“पोरं वाचतील आणि त्यांचं ते बोलतील. मी लिहून देणार नाही,” मी म्हटलं.

“आवडलं नाही म्हणाली तर?”

“तर म्हणतील.”

मोठे सर हसले. “बाई, ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी. एवढं कळत नाही का तुम्हाला?”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पोळी माझी, तिच्यासाठी टाळी पोरांनी का वाजवायची? पण सरांनी माझी वाट पाहिलीच नाही. पाचही अभिप्राय त्यांनी स्वतः लिहिले आणि चिठ्ठ्या पोरांच्या हातात दिल्या. प्रत्येकात ‘प्रेरणादायी’ हा शब्द होताच होता.

सोहळ्याच्या दिवशी मैदानात मांडव, फेटे, शाल, श्रीफळ, सगळं यथासांग. नगरहून एक प्राध्यापक आले होते. पाऊण तास बोलले. शेवटी त्यांनी चष्मा काढला आणि रुमालानं डोळे टिपले. “नायकाच्या आईच्या मृत्यूचं प्रकरण,” ते म्हणाले, “मी आजवर इतकं वाचलं, पण ते प्रकरण वाचताना मला हुंदका आवरला नाही.” पुढच्या रांगेतली सगळी शिक्षकमंडळी माना हलवत होती. साहेबांनीही मान खाली घातली. त्यांचे डोळे मात्र खरोखर भरले होते, ते मी पाहिलं.

मग पोरं आली. चौघांनी चिठ्ठ्या वाचल्या. चारदा प्रेरणादायी झालं. पाचवी ती. एका हातात चिठ्ठी, दुसऱ्या हातात शाळेच्या कपाटातली कादंबरी. माईकसमोर आधी अंगठ्याकडे बघत राहिली. मला वाटलं, संपलं. मग ती म्हणाली, “हे सरांनी लिहून दिलंय. अक्षर चांगलं हाय. पण मी पुस्तक वाचलंय, तर माझंच सांगते.”

मांडवात कुणीतरी खुदकन हसलं. मोठ्या सरांचा चेहरा असा झाला की तो आजही आठवला तरी मला बरं वाटतं.

“विहीर खांदायचा भाग लई आवडला. कुत्रं बी आवडलं. पण नायक एकदाबी चुकत न्हाई. त्यामुळं त्याचं काय हुईल अशी काळजीच वाटत न्हाई. आनि मधी आई आजारी पडती, तिला दवाखान्यात नेत्यात, आनि पान उलटलं की लग्नाची वरात येती. ती वरात आधी येऊन गेलेली. तीच पानं परत. मग ती सरली की एकदम निवडणूक. आईचं पुढं काय झालं ते सांगितलंच न्हाई. ती मेली का वाचली? मला वाटलं मलाच कळंना. म्हणून मैत्रिणीचं पुस्तक बघितलं. त्यातबी तसंच.”

साहेब ताडकन उठले. “आईचं प्रकरण आहे की! मी लिहिलंय!”

तिनं पुस्तक पुढं केलं. साहेबांनी उभ्याउभ्याच पानं चाळली, एकदा, दोनदा. स्टेजवरची प्रत उचलून तीही चाळली. छापखान्यात गोंधळ झाला होता. सोळा पानांचा एक फर्मा दोनदा शिवला गेला आणि त्याच्या पुढचा शिवलाच गेला नाही. आईचं मरण कुठल्याच प्रतीत नव्हतं. महिनाभर साहेबांना हार घालणाऱ्या, फोन करून अभिनंदन करणाऱ्या, वर्तमानपत्रात रकाने भरणाऱ्या एकालाही ते कळलं नव्हतं. हुंदका न आवरणारे प्राध्यापक मांडवाच्या छताकडे बघत होते. अरे, निदान लाजा तरी!

साहेबांनी पोरीच्या पुस्तकातले दोरे बोटानं हलवले. त्यांच्या मनगटावर पूजेचा लाल-पिवळा दोरा होता. “हे काय आहे?”

“ज्यानं जिथं सोडलं तिथं त्याचा दोरा,” ती म्हणाली. सगळे दोरे सुरुवातीलाच होते, एक तिचा निळा तेवढा मध्ये. “बाकीच्यांनी सोडलं. मी न्हाई सोडलं. माझा दोरा आई हरवली तिथं हाय.”

साहेब पुस्तक काखेत घेऊन गाडीत बसले आणि निघून गेले. जेवणावळ तशीच राहिली.

सोमवारी मोठ्या सरांनी कपाटाची किल्ली माझ्याकडून काढून घेतली. शनिवारच्या तासाला आता स्पर्धा परीक्षेचा सराव, असा हुकूम. पोरीला माफीनामा लिहायला बसवलं, ऑफिसबाहेरच्या बाकावर, येणाऱ्या-जाणाऱ्यांनी बघावं म्हणून. “उचलली जीभ लावली टाळ्याला! संस्थेचं नाक कापलंस,” सर तिच्यावर ओरडत होते. स्टाफरूममध्ये कुणी तोंड उघडेना. एक जण तर मला म्हणाले, “बाई, तुम्हीच डोक्यावर चढवून ठेवलंय पोरांना.” मी त्यांना काय म्हटलं ते इथं लिहीत नाही. त्यांच्या बायकोनं वाचलं तर वाईट वाटेल.

मी बाकाजवळ गेले तेव्हा कागद कोरा होता.

“बाई, माफी कशाची लिहू?” तिनं विचारलं. “वाचलं त्याची का सांगितलं त्याची?”

माझ्याकडे संताप होता, पण संतापाचा तिला काय उपयोग? मी कागद उचलला, फाडला आणि तिला वर्गात पाठवलं. त्याबद्दल मला लेखी खुलासा द्यावा लागला. दिला. पण तास गेला तो गेलाच. शनिवारी पोरं बाकावर बसून रेल्वेगाडीचा वेग काढायची, आणि ती परत अंगठ्याकडे बघायला लागली होती. मी हाक मारली तरी मान वर करायची नाही. माझ्या जिवाची नुसती तडफड व्हायची. एका पोरीनं एक पुस्तक मन लावून वाचलं, म्हणून ही शिक्षा! आणि हे सगळं शाळेत!

दिवाळीची सुट्टी संपल्यावर साहेबांच्या ड्रायव्हरनं माझ्या नावानं एक पाकीट आणून दिलं. आत शाळेची तीच प्रत. हरवलेली सोळा पानं झेरॉक्स करून जागच्या जागी चिकटवलेली. पोरांचे दोरे जसेच्या तसे. आणि अगदी पुढं, तिसऱ्या प्रकरणात, एक नवा दोरा. लाल-पिवळा, पूजेचा. सोहळ्यात साहेबांच्या मनगटावर होता तोच.

मी दोनदा बघितलं. मग स्टाफरूममध्ये एकटीच मोठ्यानं हसले. साहेबांनी स्वतःची कादंबरी तिसऱ्या प्रकरणात सोडली होती.

पोरीला बोलावून पुस्तक दिलं. चार दिवसांनी ती मधल्या सुट्टीत आली. तिचा निळा दोरा तिनं काढून घेतला होता. लाल-पिवळ्यावर बोट ठेवून ती म्हणाली, “बाई, ज्यानं सोडलं त्यानं उभं राहून सांगायला पायजे. नियम हाय.”

“तास बंद आहे ना गं.”

“म्हणून तर,” ती म्हणाली आणि पुस्तक छातीशी धरून थेट ऑफिसात शिरली. मी मागोमाग.

“सर,” ती टेबलासमोर उभी राहिली, “साहेबांना पुस्तकाबद्दल बोलायचंय. त्यांनी दोरा ठेवलाय. तास कवा हाय म्हणून सांगू त्यांना?”

मोठ्या सरांनी दोरा बघितला, मला बघितलं, परत दोरा बघितला. तास बंद आहे हे साहेबांना सांगायची छाती त्यांच्यात नव्हती. फोन लावला, उभं राहून बोलले, चार वेळा ‘हो साहेब’ म्हणाले. मग खिशातून कपाटाची किल्ली काढून टेबलावर ठेवली. माझ्या हातात दिली नाही. मी उचलली. पोरांनी बोलावं म्हणून नाही, साहेब येणार म्हणून ती किल्ली परत आली. त्याचा राग मी अजून गिळलेला नाही.

शनिवारी साहेब आले. त्यांच्यासाठी आणलेली खुर्ची त्यांनी बाजूला सारली आणि पोरांच्या गोलात उभे राहिले. मोठे सर दारात.

“मी तिसऱ्या प्रकरणात सोडलं,” साहेब म्हणाले. “ही म्हणते ते खरंय. तिथपर्यंत हा माणूस एकदाही चुकलेला नाही. पुढं मलाच वाचवेना.” त्यांनी पोरीकडे बघितलं. “आईचं वाचलंस?”

“पुरं वाचलं.”

“मग?”

तिनं अंगठ्याकडे बघितलं नाही. “तेवढं चांगलं हाय साहेब. आई तुमचं नाव घेत हुती आनि तुमी सभा सोडून आला न्हाई. तिथं तुमी चुकलाय.”

साऱ्या पुस्तकात नायकाचं नाव दुसरंच आहे. तिनं ‘तुमी’ म्हटलं. साहेबांचा हात रिकाम्या मनगटाशी गेला आणि तिथंच राहिला. दारात मोठ्या सरांचे हात सवयीनं टाळीसाठी वर आले.

“सर,” ती मागं न बघताच म्हणाली, “हितं टाळ्या वाजवत न्हाईत.”