सरांचं ओलं पोतं

माणसाचा पाणउतारा करण्याची कला अख्ख्या यवतमाळ जिल्ह्यात कुणाला पुरती साधली असेल, तर ती आमच्या मार्गदर्शक सरांना. हे मी ऐकीव सांगत नाही, वर्षभर अंगावर झेललंय. शेतीशाळेचा मास्तर व्हायचं म्हणून बी.एड.ला कृषी विषय घेतला आणि सरावपाठांसाठी आर्णीजवळच्या एका शाळेत जाऊन पडलो. तिथे हे सर. पँट घोट्याच्या वर दुमडलेली, एका खिशात लाल पेन, दुसऱ्यात कसलंतरी बी. खुर्चीवर बसलेलं मी त्यांना कधी पाहिलं नाही. वर्ग कशाला असतो हे त्यांना ठाऊक नसावं. पोरांना घेऊन थेट शाळेच्या अर्ध्या एकरात, धुऱ्यावर, म्हणजे बांधावर. आणि त्या लाल पेनातून आयुष्यभर एकच शब्द बाहेर पडला असावा : ‘कायले?’ म्हणजे, कशाला? माझ्या पाठाच्या टाचणवहीत मी लिहिलं, ‘विद्यार्थ्यांच्या मनात मातीविषयी आत्मीयता विकसित होईल.’ समासात लाल ‘कायले?’ मी लिहिलं, ‘गांडूळ हा शेतकऱ्याचा मित्र आहे.’ पुन्हा ‘कायले?’ मीही चिडलो. चांगली सात पानं गांडुळाच्या मैत्रीवर लिहून नेली. सरांनी ती शेवटपर्यंत वाचली आणि तळाशी लिहिलं, ‘एवढं कायले?’ सांगा आता, अशा माणसाचं काय करायचं!

बरं, वहीपुरतं असतं तर गिळलं असतं. एकदा मी डवरणीवर पाठ घेतला. तण काढलं की पिकाला हवा कशी मिळते, ओल कशी टिकते, असं बोललो की स्वतःच्याच बोलण्यानं मला गहिवरून आलं. सरांनी शांतपणे हाताने ढकलायचा सायकल-डवरा माझ्या पुढ्यात आणून ठेवला. “चालवा गुरुजी.” मी चालवला. पहिल्याच फेरीत तण जिथल्या तिथे राहिलं आणि कपाशीची अख्खी ओळ आडवी झाली. दुसरा कुणी असता तर ओरडला असता. या माणसानं कापलेली रोपं एकेक उचलून धुऱ्यावर मांडली आणि पोरांना म्हणाला, “पाहून घ्या रे. डवरा असा धरू नये. गुरुजींनं लय मेहनतीनं दाखोलं.” मग साऱ्या वर्गादेखत मला त्या ओळीत बी टोबून नांग्या, म्हणजे रिकाम्या पडलेल्या जागा, भरायला लावल्या. मी शेतीचा पदवीधर! तीन खेपांत का होईना, पदवीधर!

पण खरी दुष्मनी झाली ती अंतिम पाठाच्या वेळी. आदल्या वर्षी दुसऱ्या शाळेत मी अंतिम पाठातच नापास झालो होतो. यंदा गेला तर गावाकडच्या शाळेत माझ्यासाठी अडवून ठेवलेली जागा दुसऱ्याला जाणार होती. विषय होता सोयाबीनच्या बियाण्याची उगवण तपासणं. ओल्या पोत्यावर शंभर दाणे ओळीनं मांडायचे, पोतं गुंडाळायचं, सहा दिवस पाणी शिंपडायचं आणि उघडून मोड मोजायचे. सत्तर उगवले तर बी पेरायला चांगलं. शेंबड्या पोराचं काम. सरांनी दाणे मोजून हातावर ठेवले. “रोज पानी टाकजा. दुसऱ्याच्या भरवश्यावर ठेवजा नोका.” मी मान डोलावली आणि तिसऱ्या दिवशी मित्राच्या लग्नाला पुसदला गेलो. दोन दिवस नाचलो. उन्हाळ्याचं तोंड. परत येऊन पाहतो तर पोतं पापडासारखं कडक. शंभरातले अकरा दाणे उगवले होते, तेही उपकार केल्यासारखे.

पाठ दुसऱ्या दिवशी सकाळी. मी आर्णीच्या बाजारातून मोड आलेले मूग आणले आणि तासभर बसून एकेकाची हिरवी साल सोलली. मोड आले की सगळी बियाणी भावासारखी दिसतात, असा माझा समज होता. पाठाला बाहेरून परीक्षक बाई आलेल्या. मी नवं पोतं उघडलं, म्हणालो, “पाहा मुलांनो, ब्याऐंशी टक्के!” पहिल्या रांगेतली मुलगी पुढे वाकली.

“सर, हे तं मूंग हाये! माही माय रोज सकायी हेच खाते.”

वर्ग हसून फुटला. मी आशेनं सरांकडे पाहिलं. मार्गदर्शक ना तुम्ही माझे! तर हा माणूस पुढे येऊन म्हणतो, “बरोबर हाये पोरीचं. गुरुजी, तुमचं खरं पोतं आना.”

बाईंसमोर! मी कडक पोतं आणलं. पोरांनी अकरा मोजले. “कायले?” सरांनी विचारलं. लग्नाचं सांगावं लागलं. नाचाचं तेवढं वगळलं. मग मागून एक पोरगा म्हणाला, “मंग सर, बी खराब का पोतं सुकलं, हे कसं समजाचं?”

अख्ख्या वर्षात मला विचारलेला हा पहिला खरा प्रश्न. सर शाळेच्या कोठीत गेले आणि दुसरं पोतं घेऊन आले. ओलं. उलगडलं तर मोडच मोड, शहात्तर. “बी तेच, पोतं दुसरं. आता पुढचं तुमी शिकवा.” मी शिकवलं. दोन्ही पोती शेजारी मांडून, न अडखळता, टाचणवही न उघडता. बाईंनी पास केलं.

बाहेर येताच मी भडकलो. “पोतं होतं तर कालच द्यायचं ना! माझी फजिती कशाला केली?”

“दरसाली ठेवतो मी,” सर पेन पुसत म्हणाले. “कोनी ना कोनी पानी टाकाले इसरतेच. पन तुमी मूंग आनसान, हे नोतं वाटलं बुवा.”

तो राग मी बरीच वर्षं जपला. आता मीही पोरांना पोतं ठेवायला लावतो, आणि दुसरं गुपचूप कोठीत ठेवतो. मागच्या महिन्यात पुसदला सरांकडे गेलो. निवृत्तीनंतर लेकाकडे असतात, तिसऱ्या मजल्यावर. शेत विकलेलं. अंगणही नाही. गॅलरीच्या कोपऱ्यात गुंडाळलेलं पोतं दिसलं. न राहवून मी विचारलं, “सर, पेरायला जागा नाही. हे कायले?”



“पानी टाकाले उठा लागते ना सकायी.”

मी उठून पोत्याला हात लावून पाहिला. ओलं होतं.