आईचं पोवळं
कुणाच्या बोटात पोवळ्याची अंगठी दिसली, की मला अजून आल्याच्या चहाचा वास येतो. नव्वदच्या दशकातली गोष्ट आहे. नाशिकला गंगेवर, म्हणजे गोदावरीच्या घाटावर, बसणाऱ्या एका ज्योतिष्याने आईला रक्तदाबावर पोवळं सांगितलं. मंगळवारी अनामिकेत घालायचं, आणि खडा कातडीला लागायला हवा म्हणून अंगठी खालून उघडी ठेवायची. हे तर प्लास्टिक आहे, असं मी म्हणत राहिलो, पण अंगठी बोटात आली आणि आईने गोळ्या बंद केल्या. महिन्याने डॉक्टरांनी रक्तदाब मोजला, तर अगदी व्यवस्थित. "प्लास्टिक म्हणत होतास ना?" आईने मला ऐकवलं. मला काही ते पटेना. त्यात कधी पाण्याचा पेलाही न उचलणारे वडील रोज सकाळी तिचा चहा स्वतः करायला लागले होते. संशय आला, म्हणून एकदा गुपचूप स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन उभा राहिलो. ते खलबत्त्यात आल्याच्या तुकड्याबरोबर तिची गोळी कुटत होते. मला बघून दबक्या आवाजात म्हणाले, "पोवळ्याचं नाव होऊ दे. तू गप्प बस." पुढे कितीतरी वर्षं मी गप्प बसलो. वडील गेले, त्यांचं तेरावं झालं, आणि दुसऱ्या दिवशी मीच आलं आणि गोळी कुटून चहा केला. आईने एक घोट घेऊन कप खाली ठेवला. "गोळी नुसती दे, पाण्याबरोबर घेते," ती म्हणाली. "कडू चहा मी फक्त त्यांच्या हातचा प्यायचे."