पडणं कोणाचं, बसणं कोणाचं

२००६ साली अमेरिकेतल्या कॅरी गावात माझं काम होतं पडण्याच्या नोंदी ठेवण्याचं. म्हातारं माणूस पडलं की कमरेचा पट्टा ते ओळखेल आणि घरच्यांना फोन जाईल, असं यंत्र आमच्या ऑफिसात तयार होत होतं. खऱ्या म्हाताऱ्यांना पाडणार कोण? म्हणून आम्ही तिशी-चाळिशीतले सहकारीच गादीवर धडाधड पडायचो. पुढे, मागे, कुशीवर. प्रत्येक पडण्यापुढे मी खूण करायची.

सासूबाई तेव्हा सहा महिन्यांसाठी आल्या होत्या. दिवसभर घरात एकट्या. नमुन्याचा एक पट्टा मी त्यांनाही बांधला. पण त्या मेथी निवडायला जमिनीवर बसल्या, की माझा फोन वाजे.

"अगं, बसायचीसुद्धा चोरी झाली की!"

मग एका शनिवारी मी त्यांना पुन्हा पुन्हा उठवलं, बसवलं. त्या नोंदी 'पडणं नाही' म्हणून यंत्राला शिकवल्या, थोड्या त्याच्या चाचणीसाठी बाजूला ठेवल्या. खोटे फोन थांबले. चाचणीचे मार्क वाढले.

"यार, सासूबाईंनाच टीममध्ये घे," आमचा नागपूरचा टीम लीड म्हणाला.

बुधवारी यादी छापताना मला ते दिसलं. पडण्याच्या रकान्यात साठीपुढचं एकही माणूस नव्हतं. जमिनीवर बसण्याच्या रकान्यात सासूबाईंशिवाय कोणी नव्हतं. यंत्र पडणं ओळखत होतं, की वय?

"पॉइंट बरोबर आहे," टीम लीड म्हणाला. "पण परवा डेमो आहे. सोमवारी बघू."

मी वहीत 'सोमवार' लिहिलं आणि पट्टा सासूबाईंच्या कमरेला तसाच राहू दिला.

गुरुवारी दुपारी घरी फोन केला. उचलला नाही. पुन्हा केला. ऑफिसच्या स्क्रीनवर त्यांच्या पट्ट्याची नोंद होती: जमिनीवर बसल्या आहेत. दोन तासांपासून.

दोन तास मेथी कोण निवडतं?

मी गाडी काढली. सासूबाई सोफ्याशेजारी होत्या. चक्कर आली तेव्हा सोफा धरून हळूहळू खाली घसरल्या होत्या, पाय अंगाखाली मुडपलेला. ओठ कोरडे पडले होते.

"फोन आला ना तुला?" त्यांनी विचारलं. "मी हाका नाही मारल्या. म्हटलं, तू निघालीच असशील."

"हो, आई," मी म्हणाले आणि ९११ फिरवला.

हॉस्पिटलमधून मी टीम लीडला सगळं सांगितलं.

शुक्रवारचा डेमो ठरल्याप्रमाणे झाला.