शून्य कराची मिजास

कर बसत नसताना मी एकदा इन्कम टॅक्सचं रिटर्न भरलं होतं, आणि तेही उत्पन्न फुगवून. लोक लपवतात, या बाईसाहेबांनी वाढवलं. मुलाला एवढंच सांगितलंय. तो पोट धरून हसतो. पुढचं मी त्याला सांगत नाही.

नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. नवी मुंबईतल्या घणसोली गावात आम्ही भाड्याच्या खोलीत राहायचो. वडील कामाला होते ती जवळची रबाळ्याची कंपनी बंद पडलेली. मी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला, संध्याकाळी गावातल्या पोरांच्या शिकवण्या घ्यायची. फी वेळेवर देणारे थोडेच. एक आई तर दारातूनच सांगायची, "बाय, पैसं आज नाय. बोंबील हाय, ने." मी मुकाट नेत असे.

टॅक्सच्या पुस्तकात वाचलं, की असं स्वतःच्या हिमतीवर कमावणं म्हणजे व्यवसाय. झालं, डोक्यात हवा गेली. फॉर्म आणून चटईवर पसरला. खरी कमाई लिहून बघितली, तर रकाना अगदीच केविलवाणा दिसायला लागला. मग बुडालेली फी धरली, बोंबलांचा बाजारभाव धरला, आणि तरीही शोभेना म्हणून करमाफीच्या मर्यादेच्या जेमतेम खाली येईल असा आकडा ठोकून दिला. कर शून्यच, मग आपलं काय जातंय?

शेजारी धाकटी बहीण बसली होती, नुकतीच बारावी झालेली. म्हणाली, "एवढे आहेत तर मला चपला घे ना."

"गप बस. सही करतेय."

वरचं सगळं खरं आहे, अशा अर्थाच्या ओळीखाली मी झोकात सही केली. इन्कम टॅक्स ऑफिसातल्या कारकुनाने शिक्का मारता मारता विचारलं, "मुली, कर बसत नाही, तर आलीस कशाला?" मी म्हणाले, "बसत नसला तरी भरते." शिक्क्याची प्रत प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून देवांच्या फळीवर ठेवली. आईला इंग्रजी वाचता येत नव्हतं. पोरीला सरकारने काहीतरी चांगलं लिहून दिलंय, अशीच तिची समजूत. मीही ती मोडली नाही.

बहिणीला नर्सिंगला जागा मिळाली होती. फी आणि हॉस्टेलचा खर्च एक ट्रस्ट देणार होता, घरची परिस्थिती बघून. त्यांचे एक गृहस्थ घरी आले त्या दिवशी वडील कंपनीच्या केससाठी कोर्टात गेले होते. आईने सगळं सांगितलं आणि पडद्यामागे स्टोव्ह पेटवून चहाला लागली. गृहस्थ टिपून घेत होते, मान हलवत होते. बहीण दारात ओढणीचं टोक पिळत उभी. काम होत आलं होतं. कागद आवरताना त्यांनी मला सहज विचारलं, "आणि तुम्ही काय करता?"

नुसतं "शिकते" म्हणाले असते तर भागलं असतं. पण मी उठले, आणि फळीवरची ती प्रत त्यांच्या हातात दिली.

त्यांनी चष्मा वर सरकवून ती नीट वाचली. "अरे वा. मग घर चालतंय की."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. "नाही, ते तसं…"

"म्हणजे? हे खरं नाही?"

ते थांबले. माझ्या उत्तरासाठी चांगले थांबले. वर शिक्का, खाली माझी सही. खोटं म्हटलं तर पकडून नेतील याची भीती वाटली, की एका परक्या माणसापुढे तेवढीशी कमाई कबूल करायची लाज वाटली, हे पन्नाशी उलटून गेली तरी मला सांगता येत नाही.

"खरं आहे," मी म्हणाले.

बहिणीने माझ्याकडे बघितलं. तिला सगळं माहीत होतं. पडद्यामागे स्टोव्हचा आवाज चालू होता.

ट्रस्टचं नकाराचं पत्र आलं, ते तिच्याच हातात पडलं. नर्सिंगची जागा गेली. तिने रबाळ्याला पॅकिंगचं काम धरलं, आणि पुढे शिकायचं राहिलं ते राहिलंच. कामावर जायच्या पहिल्या सकाळी मी गल्लीच्या तोंडापर्यंत तिच्याबरोबर गेले. काहीतरी बोलायचं म्हणून गेले होते, आणि डब्यात काय आहे तेवढंच विचारलं. तिने डबा या हातातून त्या हातात घेतला आणि म्हणाली,

"आईला मी सांगितलंय, ट्रस्टचे पैसेच संपले होते. तुला विचारलं तर तूपण तेच सांग. आणि जास्त बोलत बसू नकोस ताई, तुला रडू येतं."