सावलीला दात नसतात

"सावलीला दात नसतात." छबुबाईचं हे बोलणं उमापुरात सगळ्यांनी ऐकलेलं. नळावर, शेताच्या बांधावर, शाळेच्या खिचडीत पळी फिरवताना ती ते म्हणायची आणि म्हणताना तिच्या कपाळाची शीर ताठ व्हायची. लोक हसायचे.

तिचा मुलगा बंकट दुभंगलेल्या ओठाचा जन्मला. सासूनं लगेच सांगून टाकलं, पोटुशी असताना हिनं ग्रहणात वांगं चिरलं असणार. नवऱ्यानं मान डोलावली. पोराचा ओठ पुढं डॉक्टरांनी शिवला, पण ते वांगं छबुबाईच्या नावाला चिकटलं ते चिकटलंच.

पुढं ती शाळेत खिचडी शिजवायला लागली. एकदा मास्तर वर्गात सांगत होते आणि ती चुलीपाशी ऐकत होती. ग्रहणात चंद्रावर पडते ती आपल्याच पृथ्वीची सावली. फार जुन्या काळी माणसांनी ग्रहणं न भिता बघितली. चंद्र उगवतीला असो, डोक्यावर असो की मावळतीला, सावलीची कड गोलच. कुठूनही उजेड आला तरी गोलच सावली पडते ती फक्त चेंडूची. आभाळात न जाता माणसानं आपल्या जमिनीचा आकार ओळखला तो असा.

त्या दिवशी छबुबाईची खिचडी करपली. करपल्या वासात ती उभी होती आणि तिला राग येत होता, सगळ्या सरलेल्या वर्षांचा.

मग ती कार्तिकी पौर्णिमा आली. चंद्र ग्रासलेलाच उगवणार होता. छबुबाईच्या भावाची लेक रोहिणी गावातच दिलेली, दिवस भरत आलेली. सासू साखराबाईनं तिला दुपारपासून अंधाऱ्या खोलीत निजवलं होतं. पाय हलवायचे नाहीत, पाणी प्यायचं नाही. गावातल्या चुली विझलेल्या, छबुबाईची मात्र मुद्दाम पेटलेली. तिला रोहिणीचं कळलं तसं ती तव्यावरची भाकर पदरात घेऊन निघाली.

खोलीत शिरून तिनं आधी दिवा लावला. रोहिणीचे ओठ सुकून पांढरे पडले होते.

"आत्या, घसा लई कोरडा पडलाय वं."

"इहीणबाई, लेकराला कशापायी मारता? पाणी आणा."

साखराबाई चौकटीला हात लावून दारात आडवी उभी राहिली. "तिकडं चंद्राला गिळायलंय आन् हिला पाणी पाजू?"

"सावली हाय ती! आपल्या जमिनीची. जमीन गोळा हाय म्हणून सावली गोल."

"भाकर बी गोलच असती. तिला काय गोळा म्हणती व्हय?"

छबुबाईनं भाकर दिव्यापुढं धरली. भिंतीवर गोल सावली पडली. तिनं भाकर आडवी केली, तर भिंतीवर नुसती काडी उरली. मग तिनं फळीवरची मोसंबी उचलली आणि तीच दिव्यापुढं फिरवत राहिली. सावली गोलच, कशीही फिरवली तरी गोलच.

"चंद्रावर कदी काडी बघितली का, इहीणबाई?"

साखराबाई भिंतीकडं बघत राहिली. पण माघार घेईल तर ती साखराबाई कसली! "असंल गोळा. मग तुज्या बंकटच्या ओठाचं काय? चिरलंसच की तू वांगं."

छबुबाईच्या हातातली मोसंबी थांबली.

"मी काय बी चिरलं न्हाई," ती हळू म्हणाली आणि मग तिचा आवाज चढला. "हिच्यासारखीच निजले होते. तोंडात थेंब घेतला न्हाई. सगळं पाळलं होतं, सगळं! तरी त्याचा ओठ तसाच. आन् तुमी समद्यांनी मिळून माज्या हातात इळी दिली!"

साखराबाईचा हात चौकटीवरून आपोआप खाली आला. छबुबाईनं स्वतःच माठातून तांब्या भरला. रोहिणी उठून बसली आणि घटाघटा प्यायली.

भाकर रोहिणीच्या मांडीवर ठेवून छबुबाई बाहेर पडली. राग उतरला नव्हता. वाटेतल्या मातीवर पाय आपटत ती चालली होती. समोर तुरीच्या शेतावर चंद्र वर आला होता, कडेला गोल सावली घेऊन. रोहिणी भाकरीचा तुकडा मोडत उंबऱ्यापाशी आली, पोटावर हात ठेवून उघड्यावर उभी राहिली आणि आत्या वळणाआड जाईपर्यंत बघत राहिली. तिच्या मागं, दारापासून चार हात आत, साखराबाईही बघत होती. तिनं सुनेला आत बोलावलं नाही.